कॉलेज सोडून स्टेअरिंग धरू का, आक्का?

आक्का,

मी निपाणी तालुक्यातल्या एका खेड्यातला. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, चौथं सेमिस्टर सुरू आहे. वय साडेएकोणीस. घरी दीड एकर ऊस आणि दोन म्हशी. वडील शेती बघतात, आई विड्या वळते, धाकटी बहीण दहावीला आहे. कॉलेजात माझं मन लागत नाही. मागच्या सेमिस्टरचे दोन विषय राहिलेत. गावातली डिग्री घेतलेली पोरं एकतर घरी बसून आहेत, नाहीतर कागलच्या एमआयडीसीत कंत्राटावर राबतात. माझ्या मामाची संकेश्वरला दहाचाकी आहे. तो स्वतःच चालवतो. साखर भरून बेंगळुरूला, कधी चेन्नईला जातो. सुट्टीत मी त्याच्याबरोबर जाऊन आलो. रात्री रस्ता मोकळा होता तेव्हा त्याने स्टेअरिंग माझ्या हातात दिलं. माझ्याकडे मोटारसायकलचंच लायसन्स आहे, पण मामा शेजारी होता. तेव्हा जे वाटलं ते मला वर्गात बसून कधी वाटलेलं नाही. मामा म्हणतोय, ये, दोन वर्षांत तयार करतो. वडिलांनी माझ्याशी बोलणं सोडलंय. आई म्हणते, ड्रायव्हरला पोरगी कोण देणार? मी काय करू?

— तुमचा एक वाचक


बाळा,

उत्तर आधी देते, कारणं मागून सांगते. कॉलेज आत्ता सोडू नकोस.

ट्रक चालवणं हलकं काम आहे म्हणून मी हे सांगत नाही. मी ड्रायव्हरचीच मुलगी आहे. आम्हा भावंडांच्या शाळेच्या फिया, थोरल्या बहिणीचं लग्न, बेळगावातलं दोन खोल्यांचं घर, सगळं आण्णांच्या स्टेअरिंगवर उभं राहिलं. या कामाला कुणी नाक मुरडलेलं मला आजही सहन होत नाही. माझं कारण वेगळं आहे. आज कॉलेज सोडलंस तरी तू एक दिवससुद्धा लवकर ड्रायव्हर होणार नाहीस.

मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे ट्रक चालवायला वय वीस पूर्ण लागतं. ते तुझं सहा महिन्यांत होईल. पण त्याच्या अलीकडे आणखी एक अट आहे आणि ती तुला कुणी सांगितलेली दिसत नाही. हलक्या वाहनाचं, म्हणजे कारचं पक्कं लायसन्स हातात येऊन एक वर्ष झाल्याशिवाय ट्रकचं शिकाऊ लायसन्ससुद्धा निघत नाही. मोटारसायकलचं लायसन्स तिथे चालत नाही. मग हिशेब कर. आज कारचं शिकाऊ काढलंस तर किमान तीस दिवसांनी पक्क्याची परीक्षा. तिथून पुढे एक वर्ष. मग ट्रकचं शिकाऊ, पुन्हा तीस दिवस, ड्रायव्हिंग स्कूलचं फॉर्म ५ चं प्रमाणपत्र, डॉक्टरचा तब्येतीचा दाखला (फॉर्म १-ए), आणि मग चिकोडीच्या आरटीओत परीक्षा. सगळं वेळच्या वेळी जुळून आलं तरी सव्वा वर्ष गेलं. तोवर तुझं सहावं सेमिस्टर संपत आलेलं असेल.

या सव्वा वर्षात कॉलेज सोडून तू काय करणार? मामांच्या शेजारी क्लीनर म्हणून बसणार. क्लीनरचं काम शिकायलाच हवं, ते कमीपणाचं नाही. पण त्यासाठी बारा महिने बसायची गरज नाही. सुट्ट्या पुरतात.

आता त्या रात्रीच्या स्टेअरिंगबद्दल. मोकळ्या रस्त्यावर एवढी मोठी गाडी आपल्या हाताखाली वळते तेव्हा छाती भरून येते, हे मला कळतं. पण ती रात्र तू पुन्हा करू नकोस, आणि मामांनाही हे वाचून दाखव. लायसन्स नसलेला मुलगा गाडीवर असताना काही झालं, तर विमा कंपनी समोरच्याला भरपाई देते आणि मग तोच पैसा गाडीच्या मालकाकडून वसूल करते. ट्रकच्या अपघातातली भरपाई लाखांत जाते. मामांची दहाचाकी त्यात विकावी लागेल, वर तुमच्या दोघांवर गुन्हा. भारतीय न्याय संहितेत हयगयीने कुणाचा जीव गेला तर पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पळून गेलेल्या ड्रायव्हरला दहा वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद केली, त्यावर जानेवारी २०२४ मध्ये देशभरच्या ड्रायव्हरांनी गाड्या उभ्या केल्या आणि ते कलम सरकारला तूर्त थांबवावं लागलं, हे तू ऐकलं असशील. त्या संपात मागणी काहीही असो, त्यामागची भीती खरी होती. अपघात झाला की चूक कुणाचीही असो, गर्दी आधी मोठ्या गाडीच्या ड्रायव्हरला धरते. अशा वेळी तुझ्या खिशात लायसन्स नसेल तर तुझ्या बाजूने बोलायला कुणी उरत नाही.

आता हे काम काय आहे ते सांगते. स्टेअरिंग हा त्यातला सगळ्यात सोपा भाग आहे.

लग्नाआधी मी एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात बिल्ट्या, म्हणजे मालाच्या पावत्या लिहायची, त्यामुळे घरात आणि कामावर दोन्हीकडे मी ड्रायव्हरच बघत आले. गाडी रस्त्यावर असते त्यापेक्षा जास्त वेळ ती कुठेतरी उभी असते. कारखान्याच्या गेटवर नंबर लावून. वजनकाट्यावर. गोडाऊनसमोर, हमाल जेवायला गेलेत म्हणून. वराईचे, म्हणजे माल उतरवण्याचे पैसे कुणी द्यायचे यावरून वाद घालत. माल उतरला की परतीचं भाडं मिळेपर्यंत, दलालाच्या फोनची वाट बघत, परक्या गावात. पाऊस आला की ताडपत्रीवर चढायचं, दोर आवळायचे. साखरेच्या पोत्याला पाणी लागलं तर ती तूट कुणाच्या माथी बसते, मामांना विचार.

मग वजन. दहाचाकीला गाडी आणि माल धरून साडेअठ्ठावीस टनांची मर्यादा आहे, २०१८ मध्ये ती वाढवून एवढी केली. मालक किंवा व्यापारी म्हणतो, दोन टन जास्त टाक, सगळेच टाकतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्यात जादा मालाला वीस हजार दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार लिहिलेत. दंडाचं एक वेळ सोडून देऊ. तो जादा माल घेऊन तवंदी घाट उतरायचा असतो. संकेश्वरकडून निपाणीकडे येताना तो उतार तू लहानपणापासून बघतोयस, तिथे उलटलेल्या गाड्याही बघितल्या असशील. डिझेल वाचवायला काही जण उतारावर गाडी न्यूट्रल करतात, काही जण इंजिनच बंद करतात. इंजिन बंद झालं की ब्रेकची हवा भरायची थांबते. चार वेळा ब्रेक दाबला की हवा संपत येते, स्टेअरिंग जड होतं, आणि खाली वळण असतं. आण्णा म्हणायचे, घाट ज्या गियरने चढायचा त्याच गियरने उतरायचा, मागच्याने कितीही हॉर्न वाजवू दे. मामा ज्या दिवशी तुला हे शिकवतील त्या दिवशी ते तुला काम शिकवतायत असं समज. मोकळ्या रस्त्यावर चौथा-पाचवा गियर टाकायला दिला, ते शिकवणं झालं नाही.

टायरला हातोडी मारून आवाजावरून हवा ओळखणं, स्प्रिंगचा पाटा तुटलाय का बघणं, निघण्याआधी लाइट आणि ब्रेक तपासणं, कागदांची तारीख पाठ असणं, हे सगळं ड्रायव्हरचं काम. धोकादायक माल, म्हणजे पेट्रोल, गॅस, ॲसिडचे टँकर चालवायचे असतील तर वेगळं प्रशिक्षण लागतं आणि त्या लायसन्सची मुदतही कमी, तीन वर्षांची. साध्या ट्रकच्या लायसन्सची पाच. ज्याला या बारकाव्यांत रस आहे तो चांगला ड्रायव्हर होतो. तुला त्यांत रस आहे की नुसत्या वेगात आहे, हे तुलाच बघावं लागेल.

पैशाबद्दल तू पत्रात काहीच लिहिलं नाहीस, म्हणून मी लिहिते. कुठे महिना पगार आणि रोजचा भत्ता असतो, कुठे खेपेवर ठरलेली रक्कम, कुठे भाड्यात टक्का. काही मालक गाडीचं ॲव्हरेज ठरवून देतात, त्यापेक्षा डिझेल वाचलं तर ते ड्रायव्हरचं. कागदावर आकडा चांगला दिसतो. पण रस्त्यात जेवण, चहा, आंघोळ, टायर पंक्चर, पार्किंग, इकडे-तिकडे द्यावे लागणारे पैसे, आणि माल उतरायला दोन दिवस लागले तर ते बुडालेले दिवस वजा केले की किती उरतं, ते विचार. मामांना एक महिन्याचा खरा हिशेब वहीत लिहायला सांग. भाडं किती आलं, डिझेल, टोल, बँकेचा हप्ता, विमा, टायर किती गेले. कोगनोळीचा टोल, हत्तरगीचा टोल, हिरेबागेवाडीचा टोल, बेळगाव जिल्हा ओलांडेपर्यंतच फास्टॅगमधून किती कापले जातात ते बघ.

आणि हे जरा मन घट्ट करून ऐक. मामांची गाडी एकच आहे. आज त्या गाडीवर त्यांचं घर चालतं. तू तयार झालास की त्याच एका गाडीवर दोन घरं चालणार, की तू दुसऱ्या मालकाकडे जाणार, की मामा दुसरी गाडी कर्जाने घेणार? मामांची माया खरी आहे, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण ‘तयार करतो’ याच्या पुढचं वाक्य त्यांनी बोललेलं नाही, आणि तू विचारलेलं नाहीस. सुट्टीत बरोबर नेलेल्या भाच्याला हे विचारायला अवघड जातं. तरी विचार.

दुसऱ्या मालकाकडे गेलास तर पहिल्या दिवशी पीएफ कापता का, ईएसआय, म्हणजे कामगारांचा आजारपणाचा विमा आहे का, हे तोंडाने विचारायचं. वीस किंवा जास्त कामगार असतील तर पीएफ लागू होतो. मोटार वाहतूक कामगारांसाठी १९६१ साली जो कायदा झाला त्यात दिवसाला आठ तास, लांबच्या पल्ल्याला फार तर दहा तास ठरवले होते. तोही पाच किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणापुरता. आपल्या भागात एक गाडी, दोन गाड्या असलेले मालकच जास्त, तिथे घड्याळ कुणी बघत नाही. म्हणून आपली काळजी आपणच घ्यायची. कर्नाटकात व्यावसायिक ड्रायव्हरांसाठी कामगार खात्याची सामाजिक सुरक्षेची व्यवस्था आहे, तिची चौकशी कामगार खात्याच्या ऑफिसात जाऊन कर. बँकेत वर्षाला वीस रुपये भरून दोन लाखांचा अपघाती विमा मिळतो, प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना, तो तर तू गाडीवर चढण्याआधीच काढ. वडिलांचाही काढ.

शरीराचं सांगते. आण्णांची कंबर पन्नाशीच्या आधी गेली. त्या काळच्या केबिनमध्ये इंजिनची धग पायावर यायची. आता २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकांना एसी केबिन सक्तीची झाली आहे, हे फार चांगलं झालं, पण मामांची गाडी जुनी असेल आणि तुझी पहिली नोकरीही जुन्याच गाडीवर असेल. पहाटे दोन ते पाच या वेळात डोळा लागतो, तो कितीही तरुण असलास तरी लागतो. झोप घालवायला गुटखा, मग गोळी, मग दारू, हा रस्ता धाब्याधाब्यावर उघडा आहे. बाहेरच्या संबंधांतून घरी येणाऱ्या आजाराबद्दल पोरांशी कुणी बोलत नाही, म्हणून मीच बोलते. त्या वाटेला जायचंच नाही, आणि पाऊल वाकडं पडलंच तर लपवायचं नाही, सरकारी दवाखान्यात तपासणी फुकट होते आणि नाव बाहेर जात नाही.

तू आपल्या सीमाभागातला आहेस, याचा या धंद्यात तुला फायदा आहे. घरी मराठी, बाजारात आणि कचेरीत कन्नड, रस्त्यावर हिंदी. कोल्हापूरचा ड्रायव्हर हुबळीच्या पुढे गप्प होतो आणि दावणगिरीचा ड्रायव्हर साताऱ्याला गप्प होतो, तू दोन्हीकडे बोलू शकतोस. अडचणीत तोंड उघडता येणं ही ड्रायव्हरची निम्मी ताकद आहे. कन्नड लिहायला-वाचायलाही नीट शीक. चलनाचा कागद, पोलिसांचा जबाब, यांवर न वाचता सही करायची वेळ तुझ्यावर येऊ नये.

आणि सीमाभागाची दुसरी बाजूही आहे. डिसेंबर २०२२ मध्ये वाद पेटला तेव्हा हिरेबागेवाडी टोलनाक्यापाशी महाराष्ट्र पासिंगच्या ट्रकांवर दगड पडले. केबिनमध्ये बसलेल्या माणसाचा त्या वादात काय दोष होता? मामांची गाडी कर्नाटकातल्या केए-२३ पासिंगची असेल, तिला एखाद्या दिवशी पलीकडे महाराष्ट्रात तसंच अडवलं जाईल. असल्या दिवशी पुढे जायचं की पेट्रोल पंपावर गाडी लावून थांबायचं, हे ड्रायव्हरला एकट्याने ठरवावं लागतं. मालक फोनवर ‘माल वेळेत पोचव’ एवढंच म्हणत असतो.

आता कॉलेजाकडे येऊ. ‘दोन विषय राहिलेत’ हे तू एका ओळीत लिहून पुढे गेलास. मला वाटतं खरी गोष्ट तिथे आहे. विषय राहिले की वर्गात मान खाली जाते, मग वर्ग चुकतात, मग पुढचंही कळेनासं होतं, आणि मग जिथे आपल्याला जमतं असं वाटतं तिकडे मन धाव घेतं. ट्रकची ओढ खोटी आहे असं मी म्हणत नाही. पण राहिलेल्या विषयांपासून पळायला ट्रक घेऊ नकोस. ते विषय काढून मग ट्रकवर गेलास तर तू आवडीने गेलास. तसेच टाकून गेलास तर पुढे कधी भाडं बुडालं, गाडी बंद पडली, की ‘मी तेव्हा परीक्षा दिली असती तर’ हे तुझ्या मागे लागेल.

शिवाय तुझी बी.कॉम. आणि मामांची दहाचाकी यांचा संबंध तुला अजून कुणी दाखवला नाही. लायसन्सला डिग्री लागत नाही, आठवी पासची जुनी अटसुद्धा २०१९ मध्ये काढली. पण धंद्याला हिशेब लागतो. पन्नास हजारांच्या वरचा माल असला की ई-वे बिल, म्हणजे मालासोबतचा ऑनलाइन काढलेला कागद लागतो, आणि त्याची मुदत दर दोनशे किलोमीटरला एक दिवस. निपाणीहून बेंगळुरू सहाशेच्या आत, म्हणजे तीन दिवस. गाडी चित्रदुर्गाला बंद पडली आणि मुदत संपली, तर ती संपण्याच्या आठ तास आधी किंवा नंतर वाढवून घेता येते. हे माहीत नसलेला ड्रायव्हर माल अडकवून बसतो. दहापर्यंत गाड्या असलेल्या मालकाने पॅनसह लिहून दिलं तर भाड्यातून टीडीएस, म्हणजे आधीच कापला जाणारा आयकर कापायचा नसतो. तेवढ्याच गाड्यांपर्यंत आयकराला ठोकळ हिशेबाची सोय आहे, वह्या ठेवाव्या लागत नाहीत. कितीतरी ड्रायव्हर मालक झाले आणि दोन वर्षांत गाडी बँकेला परत देऊन पुन्हा दुसऱ्याच्या गाडीवर बसले, हे मी ट्रान्सपोर्टच्या टेबलावरून बघितलंय. गाडी त्यांना उत्तम यायची. हप्ता, घसारा, जुनं टायर कधी बदलायचं आणि कोणतं भाडं नाकारायचं, हा हिशेब यायचा नाही. कॉस्ट अकाउंटिंगचं पुस्तक उघड आणि त्यातल्या कारखान्याच्या जागी मामांची गाडी ठेवून बघ. कदाचित राहिलेला विषय तोच असेल.

तरीही सहाव्या सेमिस्टरपर्यंत वर्गात बसणं तुला खरोखर अशक्य असेल, घरच्या पैशामुळे किंवा मनामुळे, तर डिग्री टाकून न देता बाहेरून करायची सोय आहे. म्हैसूरचं कर्नाटक राज्य मुक्त विद्यापीठ आहे, इग्नू आहे. झालेल्या सेमिस्टरांचं काय धरतात ते कॉलेजच्या ऑफिसात आणि तिथे, दोन्हीकडे लेखी विचारून घे. आणि हातात पैसा हवाच असेल तर आधी लहान गाडी आहे. माल धरून साडेसात टनांपर्यंतची मालवाहू गाडी साध्या कारच्या लायसन्सवर चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे. वीस पूर्ण झाल्यावर पिकअपवर बस. बेळगावच्या मार्केटमधून रोज भाजी गोव्याला जाते, तुमच्या निपाणीतून कोल्हापूरला जाते. पहाटेचं उठणं, वेळेत पोचणं, व्यापाऱ्याशी बोलणं, घाटात रात्र काढणं, हे चार महिने त्यावर केलंस तर तुला या आयुष्याची चव कळेल. सुट्टीतली खेप ही पाहुण्याची खेप होती. पुढची सुट्टी पडेल तेव्हा मामांबरोबर पुन्हा जा, पण पावसात जा, सगळी ताडपत्री तू बांध, सगळ्या टायरांची हवा तू बघ, पोती मोजून तू घे, आणि स्टेअरिंगला हात लावू नकोस. घरी आल्यावरही ओढ तेवढीच राहिली तर ती पक्की समज.

तुझ्या आईच्या प्रश्नाला मी टाळणार नाही. ड्रायव्हरला मुलगी देताना लोक कचरतात, हे खरं आहे. आज शेतकऱ्याच्या पोरालाही देताना कचरतात, हेही तुझ्या आईला ठाऊक आहे. माझ्या आईने आण्णांची वाट बघण्यात उमर घालवली. दिवाळीला ते बहुतेक कुठल्यातरी गोडाऊनसमोर असायचे, आणि माझ्या धाकट्या भावाच्या बारशालाही नव्हते. तिने कधी तक्रार केली नाही, पण आम्हा मुलींना ड्रायव्हर नवरा बघायचा नाही, हे तिने ठरवून टाकलं होतं. तुझी आईही त्याच काळजीने बोलतेय. तिला पोरीचं कारण पुढे करावं लागतं, कारण ‘तू रात्री घाटात असशील आणि मला झोप येणार नाही’ हे बोलायला तिला जमत नाही. तिच्याशी लग्नावर वाद घालू नकोस. गाडीवर असताना रोज रात्री फोन करीन आणि झोप आली की थांबीन, एवढं तिला सांग आणि पाळ.

आता वडील. त्यांनी बोलणं सोडलंय, पण तुझी कॉलेजची फी अजून थांबवलेली नाही, हे तुझ्या लक्षात आलंय का? दीड एकर उसात कारखान्याचं बिल वेळेत येईल याची खात्री नसते, त्यातून त्यांनी तुझी सेमिस्टरं भरलीत. त्यांना वाटतंय की आपण राबलो ते पोराने रस्त्यावर फेकलं. त्यांच्यासमोर ‘मला ड्रायव्हर व्हायचंय’ एवढंच घेऊन जाऊ नकोस. राहिलेले दोन विषय या वेळी काढतो, कारचं लायसन्स काढतो, डिग्री पूर्ण होईपर्यंत मामांकडे फक्त सुट्टीत जातो, आणि त्यानंतरही मला ट्रकच हवा असेल तर तुम्ही अडवायचं नाही, असं बोल. शब्द दे आणि शब्द घे. हे बोलताना मामांनाही घरी बोलाव. मेव्हण्याने आपल्या पोराला फूस लावली असं वडिलांच्या मनात बसलं असेल तर ते तुझ्या आईलाच आयुष्यभर जड जाईल.

आणि वडिलांनाही माझं एक सांगणं आहे, त्यांच्यापर्यंत पोचव. दादा, पोराशी बोला. त्याने चोरी केलेली नाही. तुमच्या शेतातला ऊस कारखान्यात जातो तो कुणाच्यातरी पोराच्या ट्रकमधून जातो. त्याला रागाने घरात धरून ठेवाल तर तो मामाकडे पळून जाईल, आणि मग कायदा, लायसन्स, विमा यांतलं काहीच सांभाळलं जाणार नाही.

बाळा, लायसन्सच्या सरकारी ‘सारथी’ साइटवर कारच्या शिकाऊ लायसन्सचा अर्ज या आठवड्यात भर, कारण तुझं ते एक वर्ष पक्कं लायसन्स मिळाल्यावरच सुरू होतं. अर्ज लांबला तेवढा ट्रकही लांबतो. डोळे आधी तपासून घे, नंबर असेल तर चष्मा लावूनच फोटो आणि परीक्षा दे. आणि राहिलेल्या दोन विषयांचा परीक्षेचा फॉर्म भरायची शेवटची तारीख कॉलेजच्या ऑफिसात उद्याच जाऊन विचार. ती चुकली तर सहा महिने जातील.

— आक्का